बोलण्याला शून्य पॉइंट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. घोटाळा माझ्या हातून झाला हे मी कबूल करतो. पण माझा हिशोब चुकला होता, हे मात्र मरेपर्यंत कबूल करणार नाही.

झालं असं. माझी मुलगी सई आणि तिची मित्रमंडळी दर रविवारी दुपारी उल्हासनगरला लोकेशच्या घरी जमून एक खेळ खेळतात. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी जादूगार, कुणी योद्धा. लोकेश गोष्ट सांगत जातो. आपलं पात्र काय करतंय ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो, आकडा जेवढा मोठा तेवढं बरं.

सईची चेटकीण दोन वर्षं जगली होती. ती राजाच्या तुरुंगात पडली, सकाळी फाशी. नेमका त्यांचा एक भिडू नोकरीसाठी पुण्याला गेला.

"बाबा, तुम्ही याल?" सई म्हणाली. "मला सोडवायला माणूस कमी पडतोय."

लेक म्हणते मला सोडवा, आणि बाप बदलापूरला मांजर्लीतल्या घरी सोफ्यावर पेपर वाचत बसेल?

लोकेशने पात्र तयार करायला कागद दिला. ठरावीक पॉइंट मिळतात, ते ताकद, चपळाई, अक्कल, बोलणं यांत वाटायचे, आणि ज्यात जेवढे टाकाल तेवढे त्या वेळी फाशाच्या आकड्यात मिळवायचे. पोरं काय करतात, प्रसाद वाटल्यासारखे सगळीकडे थोडे थोडे टाकतात. मी अंबरनाथच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं खरेदी खातं सांभाळलंय. स्टोअरमध्ये पडून असलेला माल पुन्हा मागवायचा नाही, एवढं मला कळतं. अक्कल मला आहे. बोलण्याचं तर विचारूच नका, मला भाव करायला येताना बघून उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांनी शटर अर्धं खाली ओढलेलं आहे. मग त्यावर पॉइंट कशाला वाया घालवायचे? मी सगळेच्या सगळे ताकदीत टाकले. असा पैलवान झाला की बघत राहावं.

"अंकल, बोलण्यात झिरो? पक्का?" लोकेशने विचारलं.

"बोलायचं माझ्यावर सोड."

"बाबा, ते तसं नसतं," सई म्हणाली.

"तू तुरुंगात आहेस ना? मग गप्प बस."

खेळ सुरू झाला. आम्ही तुरुंगाच्या दारात पोचलो. समोर एकच पहारेकरी. बाकीची पोरं तलवारी काढायला निघाली, मी त्यांना हातानेच थांबवलं आणि खुर्चीत पुढे सरकलो. पहारेकऱ्याला आधी ड्युटीचे तास विचारले. मग तब्येत, मग पोरांची शाळा. राजे येतात आणि जातात, नोकरी तुला करायची आहे, तेव्हा दोघांनी मिळून मार्ग काढू, असं बरंच काही. पाच मिनिटं बोललो. लोकेशची आई चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच ऐकत उभी राहिली.

"कितना अच्छा बोलते हैं," ती म्हणाली.

लोकेशने फासा पुढे केला. मी टाकला. चार.

"तर तुमचा पैलवान पहारेकऱ्यासमोर उभा राहतो," लोकेश म्हणाला, "आणि म्हणतो, 'अं.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही. 'अं', बस."

"आणि मी पाच मिनिटं बोललो ते?"

"ते तुम्ही बोललात, अंकल. तो कुठे बोलला?"

आता तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? पण मी मागे हटणारा नाही. पुन्हा बोललो, या वेळी मुद्देसूद. दोन आला. पहारेकऱ्याला वाटलं, पैलवान त्याच्या आईवरून काहीतरी बोलला.

"बाबा, प्लीज," सई म्हणाली. "नुसते उभे राहा."

नुसतं उभं राहायला मी बदलापूरहून इथे आलो होतो का? तिसऱ्यांदा तोंड उघडलं. एक आला. पहारेकऱ्याने घंटा बडवली, अख्खी पलटण धावत आली, आणि फाशी सकाळपर्यंत न थांबता तिथल्या तिथे उरकली.

सईने आपल्या चेटकिणीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दोन वर्षांत त्याच्या कडांना तिने तीनदा सेलोटेप लावली होती. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो. पण तोंडातून निघालं भलतंच.

"तुमचा नियमच चुकीचा आहे," मी म्हणालो. "पात्रात काही खोट नव्हती."

"नव्हतीच," लोकेश म्हणाला, आणि त्याने आपली वही माझ्याकडे फिरवली. "तुमची ताकद बघून मी आधीच लिहून ठेवलं होतं. एवढा मोठा पैलवान दारात दिसला, की पहारेकरी चावी टाकून पळणार. तो कमरेची चावी सोडतच होता, तेवढ्यात तुम्ही त्याच्या ड्युटीचे तास विचारले."

मी वही दोनदा वाचली. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

"बघ," मी सईला म्हणालो. "मी निवडलेलं पात्र बरोबर होतं की नाही?"

"एकदम बरोबर होतं, बाबा," ती म्हणाली. "त्याला एकट्याला पाठवायला हवं होतं."