सुजाने नळी परत केली

कॉलेजच्या कट्ट्यावर मी तोंड उघडलं की पोरी म्हणतात, "तुझ्या घरी रोज काहीतरी घडतंच कसं गं? आमच्याकडे तर नुसता पंखा फिरतो!"

आता काय सांगू! आमच्याकडेही रोज काही घडत नव्हतं. एकदाच घडलं. आमच्या सुजाने मटण सोडलं. बस्स. त्यानंतर जे झालं ते तिने नाही केलं, बाकीच्यांनी केलं! एक किस्सा संपेपर्यंत दुसरा दारात चपला काढत उभा असायचा.

सुजा म्हणजे सुजाता, माझी धाकटी बहीण. वय वर्षं सात, वजन मांजराएवढं, हट्ट म्हशीएवढा. नाव बाबांनी ठेवलं, बुद्धांना खीर देणारी सुजाता म्हणून. आई अजून म्हणते, "नाव ठेवतानाच चुकलं. पोरगी खिरीवरच अडकली!"

*

रविवारचं मटण म्हणजे बाबांचं खातं. आठवडाभर कारखान्यात मशीन खोलायची नि रविवारी लुंगी लावून मागच्या ओट्यावर स्टो पेटवायचा. कांदा-खोबरं स्वतः भाजणार, काळा मसाला स्वतः वाटणार. आईला फक्त भाकरीपुरती परवानगी! नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत बाबांना फिटर म्हणून दहा लोक ओळखत असतील, मटणासाठी सगळ्या बिल्डिंगी ओळखायच्या.

वाढतानाचा कायदाही बाबांचाच. नळी घरातल्या सगळ्यात लहान माणसाला. सुजा जन्मली आणि माझं ते पद गेलं, त्याला सात वर्षं झाली.

त्या रविवारी सुजाने ताटातली नळी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली.

"काय झालं गं?" बाबा.

"नको."

"नळी नको? मग मऊ फोड देतो."

"तेपण नको. मटण नकोच."

त्या 'नकोच'नंतर बाबांनी पहिला संशय घेतला तो स्वतःवर. "मीठ जास्त पडलं काय?" आईने चाखलं, बरोबर होतं. मी चाखलं, बरोबर होतं. पण माणसाला चैन पडेना! वाटी घेऊन वरच्या मजल्यावर गेले, खाली आले, शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेले. जो तो चाखून बघतोय, "झकास!" म्हणतोय, अजून एक फोड घेऊन खात्री करून घेतोय. शेवटी आम्ही जेवलो ते रस्सा-भाकरी!

एवढ्यात भिंतीपलीकडून देशपांडे काका बोलले. हे आमचे शेजारी, घरात कांद्यालासुद्धा विचारून आत घेणारे. पण दर रविवारी बरोबर मसाला परतायच्या वेळेला पेपर घेऊन मागच्या ओट्यावर बसायचे. म्हणाले, "वासावरून तरी मीठ बरोबर वाटतंय हो!"

*

सोमवारी बाबांनी हाफ डे टाकला आणि सुजाला डॉक्टरकडे नेलं. मीही गेले, असलं काही मी सोडते का!

डॉक्टर गुजराथी. शांतपणे जीभ बघितली, डोळे बघितले, पोट दाबलं. "तक्रार काय?"

"मटण खात नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"किती दिवसांपासून?"

"कालपासून."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. "आमच्या घरात सात पिढ्या झाल्या. आम्ही कुणाला दाखवायचं?"

तरी बाबा हलेनात म्हणून त्यांनी एक टॉनिक लिहून दिलं. मेडिकलच्या काउंटरवर बाबांनी बाटलीचं लेबल वाचलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. आत लिव्हर एक्स्ट्रॅक्ट होतं! "कुणाला बोलू नको," मला म्हणाले. मग काय, सकाळ-संध्याकाळ दोन दोन चमचे, स्वतःच्या हाताने, इतक्या प्रेमाने की जणू नळीच भरवताहेत. आणि सुजाला आवडलं की ते! गोड होतं ना.

आठवड्याने देशपांडे काकू साखर मागायच्या निमित्ताने चौकशीला आल्या. फळीवरची बाटली दिसली.

"अगोबाई, हेच टॉनिक आमचेही घेतात! तीन वर्षं झाली. सात्त्विक आहे म्हणतात."

बाबांनी फक्त लेबल भिंतीकडे फिरवलं.

*

तुम्हाला वाटेल, मटण नाही तर नाही, पोरगी भाज्या खात असेल. छे! खरी गंमत तीच होती. आमची शाकाहारी भाज्याच खात नव्हती!

वांगं बुळबुळीत. भोपळा गोड. मेथी कडू. गवार टोचते. फ्लॉवर 'माझ्याकडे बघतो'. चालायचं काय? बटाटा, शेवभाजी, खीर आणि सीझनला द्राक्षं. आई वैतागून म्हणायची, "ही शाकाहारी नाही, ही उपाशी आहे!"

तेवढ्यात सोयाबीनच्या वड्या नव्या नव्या मिळायला लागल्या होत्या. दुकानदाराने आईला सांगितलं, "ताई, शाकाहारी मटण! नवऱ्याला कळणारसुद्धा नाही." आईच्या डोळ्यांसमोर काय काय आलं असेल! एकच कालवण, एकच स्टो, घरात शांतता. बाबांचा काळा मसाला चोरून तिने झणझणीत रस्सा केला. दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि एकाच पातेल्यातून वाढलं.

सुजाने वडी चावली, थुंकली. "हे मटण आहे!"

बाबांनी वडी चावली, थुंकली. "हे मटण नाही!"

दोघांनी एकदम ताट सरकवलं. त्या महिन्यात बापलेकीचं एकमत झालं ते तेवढंच.

*

आता काकूंचं सांगते. काकूंना जेव्हा पक्कं कळलं की सुजाने मटण कायमचं सोडलंय, तेव्हा त्या भर जिन्यात टाळी वाजवून म्हणाल्या, "किती गुणाची पोर! शेवटी संस्कार हो, संस्कार!"

बाबा पाळीवरून येत होते, हातात डबा. थांबले. "आणि मटण खायची तेव्हा काय होतं, वहिनी?"

"अहो, तसं नाही..."

"तसंच असेल," म्हणून बाबा घरात गेले.

काकू वाईट नाहीत हं. आजारपणात धावून येतील, पहाटे पाण्याची लाइन लावायची तर आमची बादली पण लावतील. पण आमच्या घरचं शिजवलेलं त्यांना चालत नाही. "तुमच्याकडे ते असतं ना, म्हणून हो. बाकी काही मनात नाही," असं त्या आमच्या तोंडावर हसून सांगायच्या. त्यांच्याकडून वाटी यायची ती भरून, आणि आईने परत पाठवायची ती साखर घालून. कोरडी साखर चालते! साखरेला स्वयंपाकघर नसतं.

सुजा शाकाहारी झाली तशा वाट्या वाढल्या. वरण, घेवडा, अळूची भाजी. सुजा बघायचीसुद्धा नाही, मी खायचे. आणि एके दिवशी काकू चक्क नवंकोरं स्टीलचं पातेलं घेऊन आल्या. "पोरीचं ह्यात वेगळं शिजवा. तिच्या मनाला बरं वाटेल."

आई व्यवहारी बाई. स्टील ते स्टील! ठेवून घेतलं.

बाबा मात्र त्या पातेल्याकडे असे बघत राहिले, जसं काही कुणी घरात भिंत घातलीय. सुजा खेळायला गेली तेव्हा मला हळूच विचारलं, "काय गं, तिला आपली लाज वाटते का?"

मी हसले. मग बघितलं तर ते हसत नव्हते.

"हे बघ," म्हणाले, "पोरीने मटण खाल्लं नाही तर माझं काही जात नाही. पण उद्या ही आपल्या घरात नाक धरून बसली, तर मी काय करायचं?"

मी सुजाला विचारलं, का सोडलंस गं? तिने खांदे उडवले. आईने विचारलं, खांदे. शाळेतल्या बाईंनी विचारलं, खांदे. बाबांनी विचारलंच नाही. आणि तुम्हाला सांगते, तिथून रविवारचं मटणच बिघडलं. मीठ बरोबर, मसाला बरोबर, पण बाबा वाढायचे आणि सुजाच्या ताटाकडे न बघता पुढे जायचे.

*

मध्ये पिंपळगाव बसवंतला बाबांच्या कारखान्यातल्या मित्राच्या मुलाचं जावळ होतं. मळ्यात मांडव, बोकडाचे दोन मोठे हंडे, आणि कोपऱ्यात माळकऱ्यांची वेगळी पंगत. गळ्यात तुळशीची माळ घातलेले सहा म्हातारे आणि त्यांच्यामध्ये, फ्रॉक घालून, आमची सुजा!

बाबा लांबून बघत होते. मला म्हणाले, "जा, बस तिच्याजवळ." मला मटणाच्या पंगतीतून उठवलं, म्हणजे बघा!

शेजारच्या म्हाताऱ्याने सुजाला विचारलं, "पोरी, तुझी माळ कुठं हाय?"

"नाहीये."

"मग खात का नाय?"

"आवडत नाही."

म्हातारा चाटच पडला. इकडे तिकडे बघितलं, हंड्यांकडे एकदा नजर टाकली, लांब श्वास घेतला आणि बाकीच्या पाच जणांना म्हणाला, "ऐकलं का? आपल्याला लय आवडतं म्हणून माळ घालावी लागली. हिला आवडतच नाय! आपल्यात खरी हीच!"

आणि स्वतःच्या ताटातला बुंदीचा लाडू उचलून तिला दिला.

*

आता शेवटचा, आणि हा मी कधीच कमी करून सांगत नाही.

नवरात्र आलं. अष्टमीला काकूंकडे कुमारिका जेवायला असतात. इतकी वर्षं शेजारी राहिलो, आमच्याकडून कधी मुलगी बोलावली नव्हती. मी तर तोवर मोठीच झाले होते! त्या वर्षी काकू स्वतः हळद-कुंकू घेऊन दारात. "सुजाला पाठवा हं. आमची मानाची कुमारिका!"

आईने बाबांकडे बघितलं. बाबांची दुपारची पाळी होती, ते बुटाच्या नाड्या बांधत होते. वर न बघता म्हणाले, "तिला विचारा. तिला जायचं तर जाऊ दे."

सुजा म्हणाली, "खीर आहे?"

"आहे की! पुरणपोळी पण आहे!"

"मग जाते."

नवीन परकर-पोलकं घालून गेली. बाबांच्या दोन्ही नाड्या बांधून झाल्या, तरी ते उठेनात. आई उगाच भांडी लावत होती. दहा मिनिटं झाली नसतील, सुजा परत! कपाळावर कुंकू, पायाला हळद, हात कोरडे.

"जेवलीस?"

"नाही."

मागोमाग काकू, पदर खोचलेला, धापा टाकत. "अहो, भरल्या ताटावरून उठली हो! सवाष्णी बसल्यात, काय वाटेल त्यांना! मी काही वाईट बोलले नाही. मी फक्त सगळ्यांना सांगत होते, की बघा, कुठल्या घरात राहते आणि कशी वागते! कौतुकच केलं!"

बाबा उभे राहिले. "मग?"

"मग ही मला विचारते, काकू, तुम्ही आमच्याकडे जेवायला कधी येणार? मी म्हटलं, बाळ, तुमच्याकडे ते शिजतं ना. तर म्हणते, माझं पातेलं वेगळं आहे, तुम्हीच दिलंय, त्यातलं खा. मी म्हटलं, तरी गं... घर तेच ना. तर म्हणाली, 'मग मीपण तिथलीच आहे,' आणि उठली!"

भिंतीपलीकडून देशपांडे काकांच्या पेपरचा आवाज बंद झाला.

बाबांनी घड्याळाकडे बघितलं. पाळीला वीस मिनिटं होती. खाली बसले, एक बूट काढला, दुसरा काढला. मागच्या ओट्यावर जाऊन स्टोला पंप मारायला लागले. तिथूनच ओरडले, "सुजे! बटाटा खाणार का शेवभाजी?"

"बटाटा," सुजा म्हणाली.

आई काकूंचं ते स्टीलचं पातेलं घेऊन ओट्यावर निघाली, तर सुजाने तिचा पदर धरला.

"त्यात नको. मटणाच्या पातेल्यात करा," ती म्हणाली. "त्यात चव येते."

काकू अजून दारातच होत्या.