साडूंचा काटेरी हलवा

सन २०२४. माझं वय चौऱ्याहत्तर, आमच्या साडूंचं अठ्ठ्याहत्तर. थंडीशी त्यांच्याएवढं सख्य असलेला माणूस अख्ख्या बुंदेलखंडात दुसरा नव्हता, हे मी चौथीत शाळा सोडलेला माणूस छातीठोकपणे लिहितो. ज्याला खोटं वाटेल त्याने पौषात चिरगाँवला जाऊन त्यांच्या हापशावर पहाटे आंघोळ करून दाखवावी. गाव शेकोटीला चिकटलेलं असे तेव्हा साडू उघड्या अंगाने अंगणात पेपर वाचत. स्वेटरला ते भित्र्यांचा सदरा म्हणत. आमच्या हिने, म्हणजे त्यांच्या मेहुणीने, आठ वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी तपकिरी स्वेटर विणला, तो घडीसकट ट्रंकेत. विचारलं की म्हणत, "मेहुणीचा मान म्हणून जपलाय. मान काय अंगात घालायचा असतो?"

थंडी त्यांना हवी असे ती हलव्यासाठी. संक्रांतीचा काटेरी हलवा, आणि त्याचे लहान मुलांना घालायचे दागिने. निखाऱ्यांवर परात, परातीत तीळ, वरून पाकाचा एकेक थेंब, आणि बोटांनी फिरवत राहायचं, दोन दोन दिवस. काटा फुलतो तो थंडीतच. झाशीकडे हे करणारे तेवढे दोनच हात उरले होते. इथल्या मिठाईवाल्याला हलवा मागितला तर तो गाजराचा देतो.

दिवाळीत ते आमच्याकडे आले आणि माझी जीभ घसरली. त्यांच्या हातातला कप हलताना बघून म्हणालो, "साडूभाऊ, हात थरथरतात आता. यंदा नातीचे दागिने पुण्याहून मागवू." त्यांनी कप खाली ठेवला आणि बस धरून निघून गेले. त्यानंतर फोन नाही. माफी मागणं मला शाळेत जमलं नाही, पुढे काय जमणार. पुण्याहूनही मी काही मागवलं नाही.

संक्रांतीला कोहरा, म्हणजे धुकं, असा पडला की झाशीत ओरछा गेटच्या आमच्या गल्लीत समोरचं दार दिसेना. रेल्वेगाड्या अडकल्या, बस बंद, इलाइट चौराह्यावर भर दिवसा दिवा लावून एकच ऑटो उभी, तीही रिकामी. आणि संध्याकाळी नातीचं पहिलं बोरन्हाण. ही म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं." मी म्हटलं, आजच. काळं झबलं घातलेली पोर पाटावर, बोरं-चुरमुरे तयार, अंगावर दागिना एक नाही.

"आता तुमचा हट्टच घाला तिच्या गळ्यात," ही म्हणाली.

चार वाजता कडी वाजली. दारात साडू. भुवयांवर दव, अंगात सुती कुर्ता, दात वाजतायत. मटाराच्या ट्रॅक्टरवरून आले होते. ड्रायव्हरला रस्ता दिसेना, म्हणून शेवटचे दोन कोस हे पाठीला लाल गमछा बांधून पुढे पायी, आणि मागून तो ओरडतोय, "दद्दा, तनक धीरे चलो, हमें कछू नईं दिखात." छातीशी डबा होता, आणि डब्याला गुंडाळलेला तो तपकिरी स्वेटर.

"अंगात का नाही घातलात?"

"ओल लागली की काटे विरघळतात," ते म्हणाले. "मला कुठे काटे आहेत."

डबा उघडला. मुकुट, हार, बाजूबंद, काटा न् काटा उभा. एक बाजूबंद जरा वेडावाकडा ओवलेला होता. तोच मी आधी उचलला आणि नातीच्या दंडावर बांधला. साडू बघत होते. बोरं डोक्यावरून पडताना पोरीने गळ्यातला हार चाटायला घेतला, तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीही कोहरा तसाच. साडूंनी आंघोळ केली, गरम पाण्याने, हे त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलंय. मग बस सुरू होईपर्यंत हात रिकामे कसे ठेवायचे म्हणून परात आणि शेगडी मागितली. पहिला थेंब सोडताना चमचा थरथरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाट ओढून शेजारी बसलो.

"दाखवा," म्हटलं.

"बोटं भाजतील."

"भाजू देत."

दुपारपर्यंत फिरवत बसलो. माझ्या तिळांना एकही काटा आला नाही.