शेजारच्या प्रेसवर गायलेलं गाणं

इनास गेल्याचं त्याच्या बायकोनं, मोनिकानं, स्वतः फोन करून सांगितलं. दुपारचे दोन वाजले होते. मी जेवून पेपर चाळत पडलो होतो. "मास्तर, इनास गेले," ती म्हणाली, आणि मग, "जेवायला बसले होते हो... ताट वाढलेलं तसंच आहे." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्याच्यावर लिहाल का, असं विचारल्यावर मी हो म्हटलं खरं, पण ज्याचं गाणं मी चार हातांच्या अंतरावर उभा राहून वीस वर्षं ऐकलं आणि तरी ते त्याच्या गळ्यात कुठून येतं हे मला कधी कळलं नाही, त्याच्याबद्दल लिहायचं तरी काय?

मी खाडीकाठच्या शेतकरी घरातला, पेशानं शाळामास्तर. इनास वसईच्या वाडीतला, ख्रिस्ती घरातला, सातिवलीच्या एका कारखान्यात लेथवर धातू कातणारा टर्नर. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक पालक गाणार म्हणून तो गिटार घेऊन आला आणि जे गायला, ते ऐकून आमचे मुख्याध्यापक खुर्चीत पुढे सरकून बसले. रॉकॅबिली, असं त्यानं नंतर मला सांगितलं. रॉक अँड रोल नुकतं जन्मत होतं तेव्हाचं, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं गाणं. त्याचा मामा बोटीवर होता, त्यानं आणलेल्या तबकड्या ऐकत हा वाढलेला. गिटार खडखडत धावायची आणि गाता गाता त्याच्या आवाजाला उचकी लागल्यासारखा झटका बसायचा. तो झटका बसला की झोका उंच जाऊन क्षणभर तिथेच थांबल्यासारखं वाटायचं. मी भजनात ढोलकी वाजवतो हे कळल्यावर पुढच्याच रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून तो भाजीच्या टेम्पोतून माणसाएवढा उंच, चार जाड तारांचा बास घेऊन माझ्या दारात हजर झाला. "मला यातलं काही येत नाही," मी म्हणालो. "मास्तर, तुमची बोटं ढोलकीची आहेत. हा वाजवायचा नाही, थापटायचा." तेव्हापासून मी थापटत राहिलो, लग्नांत, सणांत, चर्चच्या आवारातल्या कार्यक्रमांत. गाणी सगळी इंग्रजी असायची.

साठी जवळ आल्यावर त्यानं अल्बम करायचं काढलं आणि तो आपल्या बोलीत करायचा म्हणाला. वाडीतली बोली म्हणजे घराबाहेर पडताना उंबऱ्याच्या आत ठेवून यायची गोष्ट. माझ्या घरचंही तेच. माझी आई 'पानी' म्हणायची आणि मी वर्गात मुलांच्या वह्यांतलं 'पानी' लाल शाईनं खोडून 'पाणी' करायचो. इनासनं रहाटावर एक गाणं लिहिलं होतं, विहिरीचं पाणी केळीच्या बागेत जातं त्याचं. त्याच्या धृपदासाठी त्यानं माझ्याकडून माझ्या आईचा शब्द मागून घेतला. 'पानी आलं, पानी आलं.' मी म्हणालो, "अरे, लोक हसतील." तो म्हणाला, "हसू देत. तुमच्या आईला कोण हसलं होतं?" हसलो मीच होतो.

स्टुडिओ सातिवलीतच होता, एका गाळ्याच्या माळ्यावर. आजूबाजूला सगळे कारखाने, म्हणून शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, रेकॉर्डिंग व्हायचं. चौथ्या शुक्रवारी रहाटाचं गाणं घ्यायचं होतं आणि नेमका शेजारचा, पत्रा ठोकून आकार देणारा प्रेस चालू. कसलीतरी निकडीची ऑर्डर होती. धाड... धाड... भिंतीतून यायला लागलं. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. "आज जमणार नाही, अंकल." इनास भिंतीपाशी गेला. भिंतीला तळहात लावून तो उभा राहिला. चाळीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. दोनेक मिनिटांनी मागे वळून म्हणाला, "लावा रेकॉर्डिंग. मास्तर, याच्या मधल्या जागेत थापटा." आणि तो गायला लागला. दोन ठोक्यांच्या मधे शब्द, ठोक्यावर तो झटका. प्रेस कधी रेंगाळायचा, कधी घाई करायचा, आणि हा त्याच्या आधीच तिथे पोचलेला असायचा. हात कसे चालत राहिले ते आठवत नाही. गाणं संपलं तेव्हा प्रेस चालूच होता. दुसऱ्यांदा घ्यायचं कोणी नावही काढलं नाही.

अल्बम निघाला आणि पडला. चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये प्रकाशनाला लोक प्रेमानं आले, पण गाणी सुरू झाल्यावर मागच्या रांगांतून हसू फुटलं. घरचं बोलणं माईकवरून ऐकायची कोणाला सवय होती? एका परीक्षणात छापून आलं, की हे परक्या संगीताचं पोकळ अनुकरण आहे आणि एका गाण्यात तर यंत्राचा गोंगाट ऐकू येतो. इनासनं ते कात्रण वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मला वाटलं, हा आता गिटारला हात लावणार नाही. तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला आणि संध्याकाळी नेहमीसारखा सरावाला बसला.

चारेक वर्षांनी कामणच्या रस्त्याला एका लग्नाला आम्ही दोघं पाहुणे म्हणून गेलो होतो. वरात निघाली आणि बँडवाल्यांनी जे वाजवायला घेतलं ते ऐकून मी इनासचा दंड धरला. 'पानी आलं, पानी आलं.' बायका गात होत्या, म्हाताऱ्या माना हलवत होत्या, शब्द कोणाला शिकवायला लागत नव्हते. मी बँडमास्तरांना गाठून विचारलं, गाणं कुणाचं? ते म्हणाले, "कुनाचं म्हंजे? जुनं हाय, आपल्या आज्या-पणज्यांचं. ठेका ऐका ना, रहाट फिरतोय नुसता." मी तोंड उघडणार तोच इनासनं माझा हात दाबला. "खरंय," तो त्यांना म्हणाला, "जुनंच आहे." बाजूला आल्यावर मी चिडून म्हणालो, "अरे, नाव तरी सांगायचंस!" तर तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. "मास्तर, रहाट कसला, तो शेजारचा प्रेस!" मग डोळे पुसत, "आजीचं म्हणाले ते... याहून मोठं परीक्षण कोण लिहिणार?" आणि तो गर्दीत शिरून कोरसमधे गायला लागला, हळू आवाजात, झटका न देता, इतरांसारखाच. एवढा मोठा गवय्या मी दुसरा पाहिला नाही.

त्याच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची आहे, तिच्यापुढची शहाबादी फरशी एका जागी झिजून वाटीसारखी खोल झाली आहे. डाव्या टाचेनं ठेका धरायचा तो, इतकी वर्षं. मुलीला सगळीकडे नव्या टाइल्स बसवायच्या आहेत. "ही खोली सोडून बसव, म्हटलं तिला," मोनिका म्हणाली. "लादी पुसली की एवढ्याशा जागेत पाणी राहतं. ते मी बोटानं टिपून घेते."