माका की एकदांडी

सोसायटीच्या गळक्या नळापाशी आज माका उगवलेला दिसला. मी लगेच एक देठ तोडून तळहातावर चोळलं. त्या हिरवट वासासरशी मी मुलुंडच्या आमच्या खोलीत पोचले, ऐंशीच्या दशकात.

टायफॉइडनंतर आईचे केस मुठीमुठीने गळत होते. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तेलात उकळायला माका हवाय, एवढंच एकदा बोलली. मी आणि शेजारची सुनंदा डोंगराच्या पायथ्याशी धावत गेलो नि पिशवीभर पाला घेऊन आलो.

आईने पडल्यापडल्या एक फांदी उचलली. "अगं, ही एकदांडी. खरचटल्यावर लावतो ना, ती. हिचं फूल वीतभर दांडीवर एकटंच, मधे पिवळं. माक्याचं शर्टाच्या बटणाएवढं, पांढरं, पानांच्या बेचक्यात."

"वाट लागली," सुनंदा म्हणाली.

पण पिशवीच्या तळाशी एक वेगळी फांदी निघाली. आई चक्क उठून बसली.

"हात पुढे कर. चोळ. आता थांब."

तिघींची डोकी माझ्या तळहातावर वाकली. हिरवा रस आधी तपकिरी झाला, मग बघताबघता शाईसारखा काळा.

"माकाच आहे गं!" आई सुनंदाहून मोठ्यांदा ओरडली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी प्रत्येक प्रश्नाला तो काळा हात वर केला, उत्तर येत नसलं तरी.

तापानंतर गळलेले केस आपोआप परत येतात, असं माझी डॉक्टर मुलगी सांगते. येत असतील. आई मात्र त्या संध्याकाळीच परत आली होती.