तास सुरू असताना

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास शेजारच्या नऊ वर्षांच्या इराचं बोट दारात चेंगरलं. दार आपटल्याचा आवाज ऐकून मी गेलो. तिचे वडील तिला घरीच शिकवतात. तास सुरू असताना त्यांना ‘सर’ म्हणायचं, असा नियम आहे. शिस्त लागावी म्हणून तो मीच सुचवला होता. शाळेत लागलं, कुणी रागावलं, की मूल घरी येऊन रडतं. घरच शाळा झाल्यावर त्यानं कुठे जायचं, हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं.

बोट काळंनिळं पडलं होतं. इरा ओठ घट्ट मिटून उभी होती. मग वडिलांना म्हणाली, “सर, तास संपला का?”

“अगं, बाबा म्हण ना!”

“आधी सांगा, संपला?”

“संपला, बाळा.”

मग ती रडली.