भूक नव्हती, तरी जेवले

मंडळी, आज माझा पार गोंधळ उडालाय. मन बिघडलं की मी खात सुटते. म्हणून समुपदेशक बाईंनी शिकवलंय, घास घेण्याआधी थांबायचं आणि मनात कुठला विचार आलाय ते बघायचं.

दुपारी शिरोळला मावशीकडं गेलते. काका गेल्यापासून ती एकटीच असते. तिनं दोघींची ताटं वाढली. मी थांबले. भूक नव्हती, फक्त 'नको म्हटलं तर ही दुखावेल' असं वाटत होतं. धीर करून नको म्हणाले.

"नगं तर ऱ्हाऊ दे की," म्हणत मावशी स्वतःचंही ताट झाकायला लागली. "एकटीला घास उतरत न्हाय बघ."

मग तिच्यासोबत अर्धी भाकरी खाल्ली. तीही पोटभर जेवली.

आता बाईंना काय सांगू? तुम्ही काय केलं असतं?