मावशी मुद्दाम चुका करायच्या

आधीच सांगते, भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. पांढरी साडी, पैंजण, पिंपळाचं झाड... वाचते, हसते आणि शांत झोपते. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या धंद्यात न समजणाऱ्या गोष्टी रोज घडतात आणि संध्याकाळपर्यंत कळतं की कुठेतरी एक अर्धविराम टाकायचा राहिला होता. ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यात मला तो अर्धविराम अजून सापडलेला नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. बारामतीत एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, मनात येईल तेव्हा चालणारा मोडेम आणि विजय. विजय माझा पॉलिटेक्निकचा वर्गमित्र आणि धंद्यातला भागीदार, राहणार पिंपळीचा. आम्ही वेबसाइट बनवायचो. तेव्हा लोक आम्हाला विचारायचे, "ती लावायची कुठं?"

त्या काळी साइटवरचा एक आकडा बदलायचा तरी मालकाला प्रोग्रॅमरच्या मागे लागावं लागे. विजयने त्यावर एक प्रोग्रॅम लिहिला. मालकाने पासवर्ड टाकायचा, समोर रकाने येतात, त्यात नवा दर, नवा फोटो, नवी बातमी टाकायची, की साइट बदलली. आता याला सीएमएस म्हणतात. आम्ही त्याला 'खिडकी' म्हणायचो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाने ती बेतून द्यायचो.

विजयचं बेतणं मात्र निराळंच. मालकाने चूक केली की स्क्रीनवर लाल अक्षरात जो संदेश येतो, तो हा पठ्ठ्या त्या-त्या माणसाला नावानिशी चिडवून लिहायचा. निमगाव केतकीचे एक तात्या होते, डाळिंबाच्या रोपांची नर्सरी असलेले. त्यांनी दराचा रकाना रिकामा ठेवला की यायचं – 'तात्या, दर टाका. फुकट वाटायला निघालात काय?' पासवर्ड चुकला की – 'तात्या, हा शेजाऱ्याचा पासवर्ड दिसतोय.' फोटो फार मोठा असला की – 'तात्या, फोटो टाका, अख्खी बाग नको!'

मी वैतागायचे. असल्या चावटपणाने गिऱ्हाईक पळेल, म्हणायचे. तो म्हणायचा, "चूक झाली की माणूस घाबरतो गं वर्षा. आधी हसू दे त्याला." आणि तात्या खरोखरच खूश होते. पाहुण्यांना दाखवायला मुद्दाम रकाना रिकामा सोडायचे.

भुताखेतांबद्दल विजयचं मत ठरलेलं होतं. भूत म्हणजे न सापडलेला बग. घर बौद्ध, अंगारे-धुपारे त्याच्या आजोबांपासूनच बंद. त्याची आईसुद्धा या बाबतीत एकदम खमकी.

त्या पावसाळ्यात विजय गेला. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मी रडले, चिडले, त्याच्या रिकाम्या खुर्चीला शिव्याही दिल्या. दुसरं काय करणार होते?

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मावशी, म्हणजे त्याची आई, त्याचा डबा न्यायला ऑफिसात आल्या. मी तात्यांच्या खिडकीवर काम करत होते. काहीतरी चुकलं, लाल अक्षरं आली आणि मी सवयीने मोठ्याने वाचली. मावशी दारातच थबकल्या.

"परत वाच की."

मी वाचलं. त्या हसल्या. मग पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडल्या. "ह्यो तर त्योच बोलतुया गं."

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी भाजी विकून झाली की त्या वर यायच्या. विजयच्या खुर्चीवर बसायच्या, बोटाने चाचपत कीबोर्डवरचं मोठं बटण दाबायच्या आणि मुद्दाम चूक करायच्या. संदेश मी वाचून दाखवायचे, कारण त्यांना दिसत नव्हतं.

खरी काळजी तीच होती. त्यांचा एक डोळा लहानपणी कडब्याचं धाट लागून गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू, तोही पार पिकलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी लांबवलं तर आतलं प्रेशर वाढून हाही डोळा कायमचा जाईल. विजयने पुण्यात ऑपरेशनचं सगळं ठरवून ठेवलं होतं आणि तेवढ्यात तोच गेला. आता मावशी ऐकेनात. "कुणाचं त्वांड बघायचं ऱ्हायलंय आता?" एवढंच म्हणायच्या. मी समजवायचे, भांडायचे. उपयोग शून्य.

दिवाळीच्या आधी व्होल्टेजच्या भानगडीत आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. नवी टाकली, बॅकअपवरून प्रोग्रॅम परत चढवला, पण मराठी फॉन्टची फ्लॉपी खराब निघाली. तेव्हा मराठी अक्षरं दिसायला फॉन्ट वेगळा टाकावा लागे. तो नसला की 'तात्या'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती भेळ दिसायची. नवा फॉन्ट पुण्याहून यायचा होता.

अशा त्या बाजारच्या दिवशी, भर दुपारी, तात्या नवे दर घेऊन आले होते आणि मागोमाग मावशीही आल्या. मी सांगितलं, "मावशी, आज नुसती भेळ दिसतेय. पुढच्या बाजारी या."

"असू दे. बसते जरा," म्हणत त्या खुर्चीवर बसल्या.

तात्यांना डोळ्याचं मीच सांगितलं. ते लगेच म्हणाले, "आक्का, सोमवारी माझी जीप पुण्याला चाललीया. ऱ्हायची सोय करतो. चला माझ्यासंगं."

"नगं."

"आवो, पर..."

"नगं म्हणलं न्हवं!"

मी मोडेमची पिन नीट बसवायला टेबलाखाली वाकले. वर बटण दाबल्याचा आवाज आला. मग मावशींचा आवाज, पहिलीतली मुलं वाचतात तसा, एकेक शब्द सुटा करत:

"आई... हट्ट पुरे. सोमवारी... तात्यांच्या जीपमधून जा. पुढच्या... सीटवर बस. मागं... मळमळतं तुला."

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. डोकं टेबलाला आपटत मी बाहेर आले.

स्क्रीनवर तेच होतं. लाल अक्षरात, स्वच्छ मराठीत, नेहमीपेक्षा मोठं. आजूबाजूला बाकी सगळी भेळच. तात्या उठून जवळ आले, त्यांनीही वाचलं.

"म्याडम, ह्ये तुमी लिवलं?"

मी नकारार्थी मान हलवली. मावशींनी संदेशावरून हात फिरवला, तो कीबोर्डला लागला आणि पान बदललं. लाल अक्षरं गेली.

तात्या घाबरले होते. "आक्का, नरसिंहपूरला देवाच्या पाया पडून येऊ एकडाव. काय म्हणून दिसलं, कुणी सांगावं..."

मावशी एकदम कडाडल्या, "आमी भूत-बित मानत न्हाय, तात्या. पोरगं हाय माझं!" मग हळूच म्हणाल्या, "जीपमधी मागं बसलं की उलटी व्हती मला. घरच्याबिगर कुणाला ठावं न्हाय."

त्या गेल्यावर मी अख्खा प्रोग्रॅम ओळीओळीने तपासला. विजयने आईसाठी आधीच एखादं चित्र करून ठेवलं असेल, चित्राला फॉन्ट लागत नाही, अशी शंका तुम्हाला येईल. मलाही आली. तसं चित्र कुठेच नव्हतं. खिडकीत 'आई' नावाने कुणाला प्रवेश दिला होता का, तेही पाहिलं. नव्हता. आणि समजा असता, तरी सोमवारची जीप? ती तर तात्यांच्या तोंडून नुकतीच निघाली होती. मी टेबलाखाली होते, तात्यांना आकड्यांपलीकडे काही टाईप करता येत नव्हतं आणि मावशींना तर कीबोर्डही धड दिसत नव्हता. मग ती अक्षरं त्यांना वाचता कशी आली, तेही कळलं नाही.

सोमवारी मावशी पुण्याला गेल्या. ऑपरेशन झालं. डोळा वाचला.

बऱ्याच दिवसांनी त्या ऑफिसात आल्या, जाड भिंगांचा चष्मा लावून. तोवर फॉन्ट आला होता. त्या दिवशी त्यांनी सगळे संदेश आपले आपण वाचले. दर, पासवर्ड, अख्खी बाग. खुदुखुदु हसत होत्या. मग पुन्हापुन्हा चुका करत बसल्या आणि मला कळलं, त्या कशाची वाट बघतायत. मीही श्वास रोखून बघत होते. प्रत्येक वेळी 'तात्या'च येत होतं.

आजही कुठला प्रोग्रॅम अडला की मी कारण शोधून काढतेच, रात्र गेली तरी चालेल. या एका दुपारचं कारण मात्र मिळालं नाही. विजय असता तर म्हणाला असता, नीट शोध, बग असेल. नीट शोधलंय रे बाबा.

"परत नाही आलं, मावशी," मी म्हणाले. मला फार वाईट वाटत होतं.

"आता कशाला सांगंल? ऐकलं की मी त्याचं." त्यांनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या, परत वळल्या आणि स्क्रीनजवळ वाकून, मला ऐकू येऊ नये म्हणून अगदी हळू, पण मला ऐकू आलंच, म्हणाल्या,

"पुढच्याच शिटावर बसले व्हते रं."